प्रोपेलरच्या पिचमधला येता-जाता दोष: नव्या मेंटेनन्स इंजिनिअरसाठी

डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेतलं पहिलं विमान जळगावला उतरलं, ते होतं बीचक्राफ्ट १९००डी. पुढे एटीआर ७२ यायला लागलं. दोन्ही टर्बोप्रॉप, पण पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलायची दोघांची तऱ्हा वेगळी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पुष्कळ मुलंमुली आता एएमईचं, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं, शिक्षण घ्यायला बाहेर पडतात. प्रोपेलरचा धडा त्यांना तोंडपाठ असतो. मात्र हँगरमध्ये पहिला येता-जाता स्नॅग (दोष) समोर आला की हात कुठून घालायचा ते सुचत नाही. माझंही तेच झालं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

येता-जाता दोष म्हणजे काय, हे खरं तर आपल्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर सकाळी चालते, दुपारी बंद पडते. वायरमन येईपर्यंत पुन्हा चालू झालेली असते. तो स्टार्टरवर एक थाप मारतो, ‘चालू तर आहे’ म्हणतो आणि निघून जातो. रात्री केळीला पाणी द्यायच्या वेळेला ती पुन्हा बंद. स्टार्टरमधला जळालेला कॉन्टॅक्ट कुठे गेलेलाच नसतो. विमानाच्या टेक लॉगमध्ये, म्हणजे दोष आणि दुरुस्तीच्या नोंदवहीत, ‘ग्राउंड रन केला (जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं), ठीक आढळलं’ एवढंच लिहून विमान सोडणं हे त्या थापेसारखंच आहे. फरक इतकाच की इथे मागे प्रवासी बसलेले असतात.

एक अट आधीच सांगतो. खाली एकही लिमिट मी दिलेली नाही, कारण ती तुमच्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधूनच घ्यायची असते. तीही त्या दिवशी लागू असलेल्या आवृत्तीतून. लायसन हातात येईपर्यंत यातलं प्रत्येक काम सर्टिफाय करणाऱ्या इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करा.

आधी यंत्रणा डोक्यात बसवा

बीचक्राफ्ट १९००डीला पीटी६ घराण्यातलं इंजिन आणि चार पात्यांचा हार्टझेल प्रोपेलर. गव्हर्नर, म्हणजे प्रोपेलरचा वेग सांभाळणारा भाग, इंजिनाचंच ऑइल घेतो, त्याचा दाब वाढवतो आणि पाती जिथे बसतात त्या हबमध्ये पाठवतो. ऑइलचा दाब पात्यांना फाइन पिचकडे, म्हणजे कमी कोनाकडे, ढकलतो. स्प्रिंग आणि काउंटरवेट त्यांना कोर्सकडे, म्हणजे जास्त कोनाकडे आणि शेवटी फेदरकडे ओढतात. सगळा खेळ या दोन जोरांच्या तोलाचा. ऑइल गेलं की पाती आपोआप फेदरकडे जातात. म्हणूनच इंजिन बंद करून उभ्या केलेल्या या विमानाची पाती वाऱ्याला धार दाखवून उभी दिसतात. पात्यांचा कोन कुठे पोचला ही खबर मागे आणते ती बीटा रिंग. तिच्या खोबणीत बसलेला कार्बन ब्लॉक ती हालचाल लीव्हरमार्फत बीटा व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो.

एटीआर ७२-६०० ला सहा पात्यांचा प्रोपेलर आहे. त्याचा शंभर टक्के वेग म्हणजे मिनिटाला १,२०० फेरे, क्रूझमध्ये ८२ टक्के. इथे हिशेब करतो पीईसी नावाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. त्याला दोन चॅनेल असतात, एक थकला तर दुसरा काम सांभाळतो. त्याच्या हुकमाने ऑइलची वाट उघडमीट करणारं व्हॉल्व्ह मॉड्यूल वेगळं, आणि वेग हाताबाहेर गेला तर आवरणारा ओव्हरस्पीड गव्हर्नर आणखी वेगळा.

हे दोन नकाशे डोळे मिटून काढता आले पाहिजेत. ऑइल कुठून निघतं, कुठे जातं, सिग्नल कोण देतं, परत कोण सांगतं. कागदावर दहा वेळा काढा. मॅन्युअलचा एटीए ६१ चा, म्हणजे प्रोपेलरचा, अध्याय उघडण्याआधी हा नकाशा मनात असेल, तर झाड धरून वाचता येतं, पानं चाळत बसावं लागत नाही.

पहिली पायरी: पायलटला गाठा

टेक लॉगमध्ये बहुतेकदा एकच ओळ असते: ‘डाव्या प्रोपेलरचा आरपीएम हलतो.’ या ओळीवर काम सुरू करू नका. विमान आलं की क्रू हॉटेलवर जाण्याआधी त्यांना गाठा, ड्युटी संपली असेल तर फोन करा. अदबीने विचारा, “कॅप्टन, दोन मिनिटं द्याल का? नेमकं कधी झालं ते समजून घ्यायचंय.” मग पुढचं विचारा. चढताना, क्रूझला की उतरताना? लीव्हर हलवल्यावर की हात न लावता? किती वेळ टिकलं? आवाज बदलला का? टॉर्क (इंजिनाचा पीळ) हलला का? बाहेर पाऊस, ढग, बर्फ होतं का? डी-आइसिंग चालू होतं का? दिवसातली कितवी फेरी? दोन्ही प्रोपेलर एका वेगात ठेवणारा सिंक चालू होता का?

आवाजाचा प्रश्न कधीही सोडू नका. टर्बोप्रॉपमध्ये बसलेल्या माणसाच्या कानाला दोन प्रोपेलरच्या वेगातला फरक ऊं... ऊं... असा हेलकावत ऐकू येतो. काटा हलला आणि आवाज जिथल्या तिथे राहिला, तर पाती बहुधा हललीच नाहीत.

दुसरी पायरी: प्रोपेलर हलला, की नुसता आकडा?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. सुटे भाग विनाकारण बदलले जातात ते इथल्याच घाईतून.

विचार साधा आहे. इंजिन प्रोपेलरला जी शक्ती देतं ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. इंधन तेवढंच असताना पाती फाइनकडे सरकली, तर हवेचा विरोध कमी होतो, वेग वाढतो आणि टॉर्क खाली येतो. कोर्सकडे सरकली तर उलट. म्हणजे पिचचा खरा दोष असेल तर वेग आणि टॉर्क एकमेकांच्या विरुद्ध दिशेला हलताना दिसतात.

टॉर्क, गॅस जनरेटरचा वेग आणि फ्युएल फ्लो हे तिघं एकत्र वरखाली होत असतील, तर दोष इंजिनाच्या इंधन नियंत्रणात शोधा. प्रोपेलरचा गव्हर्नर बिचारा त्या बदलत्या शक्तीला तोंड देत असतो, आणि नाव त्याचं लागतं.

फक्त प्रोपेलरचा आकडा नाचतोय, बाकी सगळं शांत, आवाजही तोच. असं असेल तर सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर किंवा इंडिकेटर. पण इथे एक पोटभेद लक्षात ठेवा. ज्या विमानात तोच सेन्सर सिग्नल कंट्रोलरलाही जातो, तिथे खोटा सिग्नल खरी पिच हलवू शकतो. आपल्या विमानात इंडिकेशनचा आणि कंट्रोलचा सेन्सर एकच आहे की वेगळे, हे वायरिंग डायग्राम उघडून बघा. अंदाजाने बोलू नका.

डोळ्यांनी आणि कानांनी ठरत नसेल तर फ्लाइट डेटा रेकॉर्डरचा डेटा मागवा. वेग आणि टॉर्कच्या रेघा एकाखाली एक ठेवल्या की वाद मिटतो. तास-दोन तास लागतात, पण एक गव्हर्नर उगाच उतरवण्यापेक्षा ते परवडतं.

तिसरी पायरी: सिंक बंद करून बघा

सिंक्रोफेजर दोन्ही प्रोपेलर एका वेगात आणि एका लयीत ठेवायला त्यांच्या वेगाला बारीक ढकल देत असतो. उजवा बिघडला की डावाही हलताना दिसू शकतो. सिंक बंद केल्यावर हंटिंग, म्हणजे वेगाचं सतत वरखाली होणं, थांबलं तर शोध तिकडे न्या. सोपी, फुकटची चाचणी, आणि तरी लोक विसरतात.

चौथी पायरी: वीज बंद करण्याआधी मेमरी वाचा

इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर फॉल्ट कोड उतरवून घ्या, फोटो काढा, वेळ लिहा. त्यानंतरच रीसेट. रीसेट आधी करून बसलात तर चोराच्या पावलांचे ठसे आपणच पुसले असं समजा. कोड ज्या भागाचं नाव घेतो तोच भाग खराब असतो असंही नाही. ‘सेन्सरचा सिग्नल नाही’ याचा अर्थ फक्त एवढाच की सिग्नल कंट्रोलरपर्यंत पोचला नाही. वाटेत वायर आहे, दोन-तीन कनेक्टर आहेत, आणि सेन्सर व तो ज्याचा वेग मोजतो त्या चाकामधली फटही आहे.

पाचवी पायरी: दोषाचा स्वभाव ओळखा

विजेचा दोष झटकन येतो, झटकन जातो, बहुधा इशाऱ्याचा दिवा लावून किंवा कोड सोडून जातो. उष्णता, कंपन किंवा ओल यांच्याशी त्याचं नातं असतं.

ऑइलचा दोष सावकाश हेलकावे देतो. ऑइल गरम होऊन पातळ झालं की आतली गळती वाढते, मग गव्हर्नरला तोल सापडत नाही. धुळ्याकडची डिसेंबरातली पहाट असेल तर ऑइल जड असतं, पिच आळसावल्यासारखी हलते आणि दोन-तीन वेळा फिरवल्यावर सरळ होते. अलीकडेच लाइन उघडली असेल, गव्हर्नर बदलला असेल, तर हवा अडकल्याचा संशय आधी घ्या. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तितक्या वेळा प्रोपेलर फाइन-कोर्स फिरवून हवा काढा, आणि मगच पुढचं बोला.

यांत्रिक दोष जागा धरून बसतो. लीव्हर खालून वर नेला तर एक वेग, वरून खाली आणून त्याच खुणेवर ठेवला तर दुसरा. अशा वेळी लिंकेजमध्ये ढिलाई, झिजलेला रॉड-एंड, अडकणारी केबल, खपलेला कार्बन ब्लॉक. रिगिंगबद्दल, म्हणजे लीव्हर-केबलच्या जुळवणीबद्दल, इथे फार लिहीत नाही. पिन लावा, मॅन्युअलप्रमाणे मोजा, हाताच्या अंदाजाने अर्धा फेरा इकडे अर्धा तिकडे करू नका.

सहावी पायरी: डोळे, भिंग आणि बॅटरी

काउलिंग उघडा. स्वच्छ करण्याआधी बघा, कारण ऑइल कुठून झिरपलं ते धुळीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि हंगामात कापसाची उडणारी रुई ऑइलच्या ओलीवर चिकटते, आणि गळतीची वाट एखाद्या रेघेसारखी दिसते. क्लॅम्प ढिला आहे का, हार्नेस (वायरांची जुडी) कुठे घासतोय का, लॉकवायर शाबूत आहे का. मॅग्नेटिक चिप डिटेक्टर आणि फिल्टर बघा. धातूचा चुरा सापडला तर पिचचा विषय बाजूला ठेवून तिथेच थांबा आणि वरिष्ठांना बोलवा.

आता कनेक्टर. माझा अनुभव सांगतो, कारण तो हातांनी शिकलेला आहे. एका विमानाला प्रोपेलर कंट्रोलचा दिवा दहा दिवसांत तीन वेळा लागला आणि आपला आपण विझला. तिन्ही वेळा रीसेट, ग्राउंड रन, ‘ठीक आढळलं’. कंट्रोलर बदलून झाला, तरी चौथ्यांदा लागला. आम्ही चारही नोंदी एका कागदावर ओळीने मांडल्या, तेव्हा दिसलं की चारही वेळा दुपारची फेरी, आणि विमान तापलेल्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसावर, तासभर उभं राहून निघालेलं. सगळे ग्राउंड रन मात्र सकाळी गारव्यात झाले होते.

सेन्सरच्या हार्नेसचा कनेक्टर सोडवला. भिंगातून पाहिलं तर सगळ्या सॉकेटची तोंडं सारखी गोल, एकाचं मात्र किंचित मोठं. त्या मापाची टेस्ट पिन हातात घेतली. इतर सॉकेटमध्ये ती बोटाला जाणवेल इतकी घट्ट जात होती, बाहेर काढताना धरून ठेवत होती. या सॉकेटमध्ये ती अलगद आत गेली आणि कनेक्टर उलटा धरल्यावर आपल्या वजनाने खाली घसरली. कधीतरी कुणीतरी मल्टिमीटरचा जाड प्रोब त्यात खुपसून कंटिन्युइटी बघितली होती. सॉकेटची पकड तिथेच गेली. गारव्यात ते टेकून राहायचं, उष्णता आणि कंपन एकत्र आलं की क्षणभर सुटायचं. सॉकेट बदललं, तो दिवा परत लागला नाही.

म्हणून कनेक्टरला हात लावताना योग्य मापाची टेस्ट लीडच वापरा. नसेल तर मागवा, तोवर थांबा. दोष शोधता शोधता नवा दोष पेरला जातो तो असा.

मीटर लावताना नुसतं एकदा रीडिंग घेऊन समाधान मानू नका. मिनिमम-मॅक्सिमम नोंदवणारा मीटर लावा आणि एका माणसाने हार्नेस वीतभर अंतराने हळूच हलवत जावं. दुसऱ्याने फक्त आकड्यावर डोळा ठेवावा. मॅन्युअल परवानगी देत असेल तर ठरवून दिलेल्या साधनाने कनेक्टर गरम करून तेच परत करा. गार वायर खोटं बोलते, गरम झाली की कबूल होते.

सातवी पायरी: एका वेळी एकच गोष्ट बदला

डावीकडचा भाग उजवीकडे टाकून दोष त्याच्याबरोबर जातो का बघणं, ही जुनी आणि उपयोगी रीत आहे. पण ती मॅन्युअल आणि तुमच्या कंपनीची पद्धत परवानगी देत असेल तरच. यात एक धोका आहे: चांगल्या इंजिनालाही आपण हात लावतो. एकाच माणसाने एकाच दिवशी दोन्ही इंजिनांवर तेच काम केलं, तर एकच चूक दोन्हीकडे जाऊ शकते. म्हणून दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र तपासणी घ्या, आणि दोन्ही भागांचे सिरियल नंबर लिहून ठेवा.

गव्हर्नर, सेन्सर आणि हार्नेस एकदम बदलून दोष गेला, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. उतरवलेले तिन्ही भाग दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जातात, दोन ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येतात, आणि दुसऱ्या विमानावर चढतात.

या कामात इतकी चिकाटी का लागते

५ एप्रिल १९९१ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या ब्रन्सविकला एम्ब्राएर १२० कोसळलं. २३ माणसं गेली, त्यात सिनेटर राहिलेले जॉन टॉवर आणि अंतराळवीर सनी कार्टर होते. डाव्या प्रोपेलरच्या कंट्रोल युनिटमधले स्प्लाइनचे (दोन भाग एकमेकांत अडकवणाऱ्या खाचांचे) दाते झिजले होते. त्यांची पकड सुटली आणि पाती उड्डाणात असू नये इतक्या कमी कोनावर गेली. त्या प्रोपेलरने एका बाजूला ब्रेक लावल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर २००२ ला लक्झेंबर्गजवळ फोकर ५० पडलं. उड्डाणात पाती बीटा पल्ल्यात, म्हणजे फक्त जमिनीवर वापरायच्या अगदी कमी कोनांवर, जाऊ नयेत म्हणून एक विजेवर चालणारा अटकाव होता. चाकं खाली येताना अँटिस्किड (ब्रेक लावल्यावर चाकं घसरू न देणाऱ्या) यंत्रणेतून निघालेल्या भलत्याच सिग्नलने तो थोड्या वेळापुरता उघडला, आणि त्याच वेळी लीव्हर फ्लाइट आयडलच्या, म्हणजे उड्डाणातल्या सगळ्यात कमी शक्तीच्या खुणेच्या, मागे ओढले गेले. २० जण गेले. काही सेकंदांचा सिग्नल, नंतर जमिनीवर तपासला तर सगळं ठीक दिसलं असतं. उतरताना बीटाचा दिवा क्षणभर लुकलुकला अशी नोंद आली, तर ती कधीही हलक्यात घेऊ नका. एमईएलमध्ये (काय बिघडलेलं असतानाही विमान उडवायला परवानगी आहे त्या यादीत) काय बसतं ते नंतर, आधी कारण.

आठवी पायरी: ज्या हवेत दोष आला, त्या हवेत रन करा

दुपारी येणारा दोष दुपारीच शोधा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा एप्रनवर उभं राहणं सोपं नाही. पाणी, टोपी, माणसांची पाळी लावा, पण सकाळचा रन दुपारच्या दोषाचा पुरावा ठरत नाही. विमानाचं तोंड वाऱ्याकडे हवं. मागून किंवा बाजूने वारा आला तर उभ्या विमानाचा आरपीएम आणि टॉर्क आपोआप हलतात, आणि वावटळ उठली तर रीडिंग सोडून द्या.

रन फक्त अधिकृत माणसानेच करायचा. तुम्ही बाहेर असाल तर प्रोपेलरच्या फिरण्याच्या पातळीत कधीही उभं राहू नका. फिरणारी पाती भर उन्हात दिसेनाशी होतात. हेडसेटवर बोलणारा एकच असावा, आणि त्याने ‘थांब’ म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं.

ऑइल पूर्ण गरम होऊ द्या. आधी दोष होता तसाच उठवून दाखवा, मग दुरुस्ती करा, मग त्याच परिस्थितीत परत रन करा. दोष उठलाच नाही, तर तसंच लिहा.

नोंद कशी लिहायची

‘तपासलं, ठीक’ हे शब्द वापरू नका. असं लिहा: कोणत्या परिस्थितीत दोष आला असं क्रूने सांगितलं, कोणते कोड मिळाले, काय काय तपासलं आणि मॅन्युअलच्या कोणत्या टास्कप्रमाणे, किती रीडिंग आलं, काय सापडलं, काय बदललं, कोणता सिरियल नंबर निघाला, कोणता बसला, रन किती वाजता, बाहेरचं तापमान किती, ऑइल किती गरम. काही सापडलं नसेल तर ‘दोष पुन्हा उठला नाही, पुढील फेऱ्यांत निरीक्षण आवश्यक’ असं सरळ लिहा, आणि पुढच्या शिफ्टला तोंडीही सांगा. तुमच्यानंतर रात्री दोन वाजता जो पोरगा ते पान उघडेल, त्याला तुमच्या जागेवरून पुढे जाता आलं पाहिजे.

शिवाय स्वतःची एक वही ठेवा. विमानाचं रजिस्ट्रेशन, तारीख, वेळ, फेरी, हवा, आणि लक्षण, एवढे रकाने पुरे. माझ्या चार नोंदी एका कागदावर आल्या नसत्या, तर तो सॉकेट अजून तिथेच असता.

विमान सोडल्यावर चार-पाच दिवसांनी, त्याच दुपारच्या फेरीचे कॅप्टन उतरले की पुन्हा जाऊन भेटा. “सर, डावा प्रोपेलर उतरताना कसा वाटला?” हे विचारा, आणि ते जे सांगतील ते वहीत त्याच ओळीपुढे लिहा.